लस कशातून आणली, ते आधी विचारा

अंड्यांसाठी परड्यात दहा-बारा कोंबड्या पाळायच्या ठरवल्या की माणसं जातीची आणि खुराड्याची चौकशी करतात. दोन्ही गोष्टी लागतातच. पण मला कुणी विचारलं तर मी आधी लशीबद्दल बोलते. सिंधुदुर्गात आमच्याकडे ऊन तापायला लागलं की वाडीवाडीतून मानमोडी फिरते, म्हणजेच राणीखेत. आमच्या कोंबड्यांना लस टोचलेली होती. तरीही एका वैशाखात खुराडं रिकामं झालं.

हा रोग कसा दिसतो ते माहीत असावं. कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसते, कणी टाकली तरी उठत नाही. मग हिरवी हगवण लागते, चोच उघडी राहते, श्वास घरघरतो. त्यातून तगलेली आमची एक तलंग जागच्या जागी गोल फिरायची. मान मुरगळून पाठीला लागलेली, दाणा समोर पडलेला, आणि चोच मारावी तर ती दाण्याच्या बाजूला मातीत. मी हाताने भरवत होते, पण ती राहिली नाही. विषाणूचा रोग असल्याने यावर औषध नाही. हळद-लसूण चारून किंवा अँटिबायोटिक पाजून मानमोडी बरी होत नाही, त्यात फक्त दिवस जातात.

दवाखान्यातून आलेल्या पर्यवेक्षकांनी मेलेले पक्षी पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "काकी, लस बर्फातून आणलेली काय?" मग उलगडा झाला. ज्या दुकानातून ती लस आली होती, तिथे बाटल्या फ्रिजमध्ये नव्हत्याच, उघड्या फळीवर होत्या. बाटलीच्या तळाशी जी पांढरी वडी दिसते, तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवला तरच टिकतो. उन्हाळ्यात बाहेर राहिला की मरतो, आणि बाटली मात्र दिसायला होती तशीच राहते. अशी लस टोचणं म्हणजे नुसतं पाणी टोचणं.

म्हणून लस घ्यायला जाताना बर्फ घातलेला थर्मास न्या. बाटली दुकानदार कुठून काढतो ते डोळ्यांनी बघा, तारीख वाचा. फ्रिजमधून निघाली नाही तर घेऊ नका, मग दुकानदार ओळखीचा असो की नात्यातला. वडी विरघळवायचं द्रावणही थंडच हवं. एकदा मिसळली की दोन तासांच्या आत संपवायची, सावलीत बसून. उरलेली उद्यासाठी ठेवायची नाही. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने लस मरते. विहिरीचं चालतं, पण विहिरीत टीसीएल टाकलेली नसावी.

पिल्लं पाच-सात दिवसांची झाली की लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी. पंख उचलून खालची सैल कातडी चिमटीत धरायची आणि अर्धा मिली टोचायची. लहान पिल्लांना आर-टू-बी कधीच देऊ नका, ती लस त्यांना झेपत नाही. आजारी पक्ष्यालाही टोचू नये. जंताचं औषध आठवडाभर आधी दिलेलं असलं तर लस चांगली लागू पडते. त्यापुढच्या मात्रा कधी, ते दवाखान्यात विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बाटली निदान शंभर मात्रांची येते आणि आपल्याकडे कोंबड्या दहा. इथेच बरेच जण लस सोडून देतात. त्यावर उपाय वाडीने मिळून करायचा. आता आम्ही शेजारची घरं मिळून वर्गणी काढतो आणि भल्या पहाटे, खुराडी उघडण्याआधी, घरोघर फिरून टोचतो. एकट्याच्या कोंबड्यांना टोचून अर्धंच काम होतं, कारण दिवसभर सगळ्यांच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर चरतात.

बाकीचं थोडक्यात. खुराड्याला बारीक चौकोनाची वेल्डेड जाळी लावा आणि ती फूटभर जमिनीत गाडा, नाहीतर मुंगूस खालून उकरून येतं. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, ग्रामप्रियासारखी सुधारित जात त्याच्या दुपटीच्या आसपास. पण सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत, तेव्हा पिल्लं काढायला एक-दोन गावठी हव्यातच. कवच पातळ यायला लागलं की तिसऱ्यांच्या शिंपल्या वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. कोंबडी लागेल तेवढ्या खाते.

बाजारातून किंवा पाहुण्यांकडून आलेला पक्षी लगेच कळपात सोडू नका. राखणेसाठी, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, आणलेला कोंबडाही दोन दिवस परड्यात फिरतो, आणि त्याची विष्ठा तिथे पडते. त्याला डालग्याखाली वेगळा ठेवा. पाळायचा असेल तर किमान तीन आठवडे वेगळाच, कारण वरून धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्यात मानमोडी पंधरवडाभर दबून राहू शकते.

आणि कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर ती मानमोडीच असेल असं घरच्या घरी ठरवू नका. बर्ड फ्लूही असाच दिसतो. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात तो देशात पहिल्यांदा आढळला, २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, ओढ्यात टाकू नका, आणि उरलेल्या घाईघाईने कापून खाऊ किंवा विकू नका. लोक नेमकं तेच करतात आणि रोग पुढच्या वाडीत जातो. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नमुने न्यायला माणूस येईपर्यंत मेलेले पक्षी दुहेरी पिशवीत बांधून सावलीत ठेवा, नंतर खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. गावातल्या सगळ्या कोंबड्या नष्ट करतील या भीतीने माणसं गप्प बसतात, ते मी समजू शकते. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या परिसरातले पक्षी मारावे लागतात हे खरं आहे. पण सरकारी भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची. कळवायला उशीर केला आणि तोवर कोंबड्या आपोआप मेल्या, तर त्यांची मिळत नाही.