पाठ-टाचण : तांदळाचा कोंडा व ‘ब’ जीवनसत्त्वे

इयत्ता : सातवी. विषय : आरोग्य.

हेतू : ‘ब’ जीवनसत्त्वांचे कार्य मुलांस कळावे, वजन घटविण्याच्या नावाखाली उपासमार होऊ नये.

साहित्य : पांढरे, उकडे व हातसडीचे तांदूळ. बाजारहाटासाठी भिवंडीस धामणकर नाक्यावर जाणाऱ्या शिक्षकाने पहिले दोन वाण्याकडून मूठमूठ आणावेत; हातसडीचे गावातील एखाद्या घरी पाहावेत.

विवेचन : तिन्ही तांदूळ मुलांच्या हाती द्यावेत. भाताचे तूस काढल्यावर दाण्यावर कोंड्याचा तांबूस थर व टोकाशी अंकुर राहतो. ‘ब-१’ जीवनसत्त्व मुख्यतः तेथेच असते. गिरणीत दाणा पांढरा करताना ते बव्हंशी निघून जाते. उकड्या तांदळात भात आधी भिजवून वाफवितात, त्यामुळे त्याचा काही अंश दाण्यात मुरतो.

१८९० च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच वैद्यास आढळले, की सडलेल्या पांढऱ्या तांदळावरील कोंबड्यांचे पाय लुळे पडतात व कोंड्यासह तांदूळ दिल्यास त्या बऱ्या होतात. बेरीबेरी रोगाचे मूळ असे उलगडू लागले. १९२९ साली त्यांस नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

‘ब’ गटातील आठ जीवनसत्त्वे अन्नातून शक्ती मिळविण्यास साह्य करतात. ती स्वतः शक्ती देत नाहीत. फुंकणीने जाळ फुलतो, पण चुलीत लाकूड हवेच. म्हणून केवळ या गोळ्यांनी अंगी बळ येत नाही, तसेच वजनही उतरत नाही.

ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. यास्तव तांदूळ फार चोळून धुवू नयेत. पेज ओतून न देता प्यावी. डाळी, शेंगदाणे व पालेभाज्या जेवणात असाव्यात. ‘ब-१२’ साठी दूध, दही, अंडी किंवा मासे हवेत.

दक्षता : वाढत्या वयाच्या मुलास वैद्यांच्या सल्ल्यावाचून जेवण तोडावयास सांगू नये. गोड पेये व तळलेले पदार्थ कमी करून मैदानी खेळ वाढवावेत. प्रौढांनीही आठवड्यास सुमारे अर्धा किलोहून अधिक घट साधण्याची घाई करू नये. स्थूल वा कृश मुलाचा वर्गात उपहास होऊ देऊ नये. लाजेने उपाशी राहणारे मूल अभ्यासातही मागे पडते.

उजळणी :
१. पांढऱ्या तांदळातून काय नाहीसे होते?
२. पेज का टाकू नये?
३. घरी तांदूळ कितीदा धुतात, ते पाहून या.