सोपा किती खणांचा?

घर बांधावयाचे ठरले, की घरात पहिला वाद बहुधा बाहेरच्या खोलीवरून होतो. कोणी म्हणते, दहा पाहुणे आले तरी ऐसपैस बसले पाहिजेत. कोणी म्हणते, बाहेरची खोली थोडी आखूड करा, पण स्वयंपाकघरात नीट वावरता येऊ द्या. दोघांचेही म्हणणे खरे असते. जागा मात्र वाढत नाही. बाहेरच्या खोलीस दिलेला प्रत्येक फूट आतल्या कोणत्या तरी खोलीतून काढून घ्यावा लागतो. सोलापुरात हा प्रश्न निरनिराळ्या काळी निरनिराळ्या घरांनी आपापल्या रीतीने सोडविलेला दिसतो.

या भागातील जुन्या घरांत बाहेरच्या खोलीस सोपा म्हणत. सोपा किती फूट लांब आहे, असे कोणी विचारीत नसे. तो किती खणांचा आहे, असे विचारीत. छताच्या दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. घरे बहुधा माळवदाची असत. तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या व पाला आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी माळवदाची रचना असे. सोलापूरचा उन्हाळा कडक; वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा वेळी मातीचे हे छप्पर आणि जाड भिंती घर थंड ठेवीत. पण मातीचा भार मोठा. तुळई फार लांब ठेवली, की ती मध्ये वाकावयाची. त्यामुळे खोलीची रुंदी मालकाच्या हौसेने ठरत नसे. ती लाकडाच्या ताकदीने ठरे. ज्याला मोठा सोपा हवा असेल, त्याने तुळयांची संख्या वाढवावी. खण सहा फुटांचा धरला, तर तीन खणांचा सोपा अठरा फूट लांब होई आणि पाच खणांचा तीस फूट. रुंदी मात्र दोन्हींची सारखीच राही.

या सोप्यात पाहुणे बसत, देण्याघेण्याचे हिशेब होत, सुगीत धान्याची पोती रचली जात आणि रात्री घरातील पुरुष झोपत. एवढी कामे एका खोलीने करावयाची म्हटल्यावर ती मोठी असणे योग्यच होते. परंतु सोपा प्रशस्त आणि स्वयंपाकघर मात्र अंधारे, धुराने कोंदलेले, अशीही घरे त्या काळी थोडी नव्हती. ज्या स्त्रीचा अर्धा दिवस चुलीपुढे जाई, तिला खोलीचे माप कोणी विचारले नव्हते, हे त्या घरांकडे पाहिले की लगेच ध्यानात येते.

विणकरांच्या घरी हिशेब निराळा होता. तेलंगणातून सोलापुरास येऊन स्थायिक झालेल्या पद्मशाली कुटुंबांपैकी अनेकांच्या घरातच हातमाग असे. जमिनीत खड्डा करून विणकर त्याच्या काठावर बसे, पाय खड्ड्यातील पावड्यांवर ठेवी आणि हातांनी धोटा फेकी. हा माग एकदा बसविला, की तो खाटेसारखा उचलून बाजूला ठेवता येत नाही. मागाची लांबीरुंदी, विणकराची बैठक, शेजारी कांड्या भरणाऱ्या माणसाची जागा आणि ये-जा करण्यास एक वाट, एवढी बेरीज केली की खोलीचे माप निघे. पाहुणा आला, तर तो मागाच्या कडेला चटई टाकून बसे. धोट्याचा आवाज आणि गप्पा बरोबरच चालत.

विडी वळणाऱ्या स्त्रियांची घरे हे याच शहरातील तिसरे उदाहरण. त्यांच्यापैकी पुष्कळजणी कारखान्यातून तेंदूची पाने व तंबाखू घरी आणतात, पाने भिजवून कापतात आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. या कामगारांसाठी सोलापूरजवळ कुंभारी येथे मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचे नाव दिलेल्या वसाहतीत दहा हजार घरे बांधण्यात आली. पुढे तेथेच रे नगर उभारण्यात आले. त्यातील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कुटुंबांच्या ताब्यात देण्यात आली. विडी कामगारांप्रमाणेच यंत्रमाग व हातमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, वाहनचालक अशांचा त्या कुटुंबांत समावेश होता.

अशा लहान घरात फुटाफुटाचा विचार करावा लागतो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांतील कुटुंबाच्या घरासाठी ३० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र ठरविण्यात आले होते. समजा, एवढ्याच जागेत एका कुटुंबाला घर आखावयाचे आहे. बाहेरची खोली ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद ठेवली, तर तिला १२ चौरस मीटर लागतात. तिला लागून झोपण्याची खोली ३ मीटर लांब व २.५ मीटर रुंद धरली, तर ७.५ चौरस मीटर जातात. स्वयंपाकघराला ५, न्हाणीघर व शौचालय यांना मिळून ३. बेरीज झाली २७.५, उरलेले अडीच चौरस मीटर जाण्यायेण्याच्या वाटेत सहज संपतात.

आता कोणी म्हणाले, बाहेरची खोली एकच फूट वाढवा. फूट म्हणजे सुमारे ३० सेंटीमीटर. मधली भिंत तेवढी आत सरकविली, की झोपण्याच्या खोलीची रुंदी २.५ मीटरवरून २.२ मीटरवर येते आणि तिचे क्षेत्रफळ ६.६ चौरस मीटर उरते. दोन खोल्यांच्या सर्वसाधारण घरात एक खोली किमान ९.५ व दुसरी किमान ७.५ चौरस मीटर असावी, असे भारताची राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. म्हणजे एका फुटाच्या हौसेपायी आतली खोली त्या मर्यादेखाली गेली. वर्षातून गड्ड्याच्या यात्रेला चार पाहुणे येतील, त्यांच्यासाठी घरातल्यांनी उरलेले दिवस अडचणीत झोपावे काय? पाहुण्यांना दाटीवाटीची चार दिवस सवय होते. सोलापूरकर पाहुण्याला तर निश्चितच होते.

तथापि ज्या घरात विड्या वळल्या जातात, तेथे केवळ क्षेत्रफळ मोजून भागत नाही. दिवसा जेथे तंबाखूची बारीक धूळ उडते, तेथेच रात्री मुले झोपतात. ती धूळ श्वासाबरोबर छातीत जाते. म्हणून अशा खोलीस आणखी एक फूट जागा देण्याऐवजी समोरासमोर दोन खिडक्या देणे अधिक उपयोगाचे ठरते. कोरड्या व उष्ण हवेच्या प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या किमान एक-दशांश असावे, असा नियम आहे. आपल्या १२ चौरस मीटरांच्या खोलीला त्या हिशेबाने १.२ चौरस मीटर खिडकी लागेल. एकाच भिंतीत तेवढी मोठी खिडकी ठेवली, तर उजेड पुष्कळ येईल, पण वारा खोलीतून आरपार जाणार नाही.

कागदावरचे हे आकडे पुष्कळांना नीट उमगत नाहीत. बारा चौरस मीटर म्हणजे किती, हे सांगून कळण्यापेक्षा त्यात बसून चटकन कळते. म्हणून अनुभवी गवंडी पाया खणण्यापूर्वी मोकळ्या जमिनीवर चुन्याची फक्की टाकून खोल्या आखतो. मग घरच्यांनी त्या पांढऱ्या रेघांच्या आत खरोखर वावरून पाहावे. खाट आणून ठेवावी. विडी वळणारीने सूप घेऊन बसावे, तिच्या शेजारी भिजलेल्या पानांचे पोते ठेवावे, अभ्यास करणाऱ्या मुलाने दिव्याजवळची जागा निवडावी आणि आजीने आतून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यावे. आजीला कोणाच्या अंगावरून ओलांडून यावे लागले, तर खोली लहान आहे, असे लगेच म्हणू नये. दार भिंतीच्या मध्यावर असेल, तर वाट खोलीच्या मधूनच जाते व बसण्याच्या जागेचे दोन तुकडे होतात. ते दार कोपऱ्याकडे सरकवून पाहावे. चुन्याची रेघ पायाने पुसता येते आणि दुसरी आखता येते. खर्च काय तो मूठभर चुन्याचा.