ताग केव्हां गाडावा ?

ज्या पिकापासून दाणा घरांत यावयाचा नाहीं, त्यावर बीं, मेहनत आणि पावसाचे दिवस खर्ची घालणें व्यवहारी शेतकऱ्यास जड वाटतें. म्हणून खतासाठीं ताग पेरणारे कित्येक बंधु ऐन वेळीं मोहांत पडतात. रान फुलावर आलेलें पाहून 'आणखी थोडें वाढूं द्यावें, वाख निघेल, बींही मिळेल' असें ते म्हणतात. या मोहाचाच विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

ताग अथवा बोरू हें उष्ण आशियांतील मूळचें, एका हंगामांत पुरें होणारें शेंगवर्गीय झाड होय. त्याच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र झाडास मिळवून देतात. पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनींत, पहिल्या पावसावर, एकरीं २० ते २५ किलो बीं दाट पेरावें. ६ ते ८ आठवड्यांत पिवळीं फुलें दिसूं लागतात. हीच गाडण्याची वेळ होय. या वेळीं पाला भरपूर व खोड कोंवळें असल्यामुळें तें लवकर कुजतें. पुढें खोड लांकडासारखें होतें व नत्र दाण्यांत जातें. असें राठ खोड कुजविणारे जंतु जमिनींतलाच नत्र ओढून घेतात आणि मागून पेरलेलें पीक कांहीं काळ पिवळें पडतें.

प्रथम फळी फिरवून झाडें आडवीं पाडावीं व नांगरानें मातीखालीं घालावीं. कुजण्यास ओल अवश्य लागते. भाताच्या खाचरांत ताग चिखलणींतच मुरतो. इतर पिकांसाठीं पेरणीपूर्वीं दोन-तीन आठवडे तरी सोडावे. मात्र जेथें पाऊस बेभरंवशाचा व रब्बी केवळ सांठलेल्या ओलीवर अवलंबून असते, तेथें ताग ती ओल पिऊन टाकील, हें ध्यानांत ठेवावें.

वाख किंवा बीं पाहिजे असल्यास बांधाकडेचा एक पट्टा निराळा राखावा. या फुलांत शेंगा धरविण्याचें काम मोठे भुंगे करतात. त्यांस उपद्रव देऊं नये. बीं विषारी असल्यानें जनावरांच्या खाद्यांत जाऊं देऊं नये.

सारांश, एकाच रानांतून वाख, बीं आणि खत हीं तिन्ही घेऊं पाहणाऱ्याची जमीन उपाशी राहते. फूल दिसलें कीं नांगर जुंपावा. त्याचा मोबदला पुढील पीक देतें.