जुना आय७ की नवा आय३? दुकानासाठी संगणक घेण्यापूर्वी

मुंबईत संगणकाचा बाजार म्हटला की लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले तरी व्यापारी आजही जुनेच नाव घेतात. गिरगावातील लग्नपत्रिका छापणारे, दादरचे कापडवाले, लालबाग-परळ भागातील मसाल्याचे व्यापारी आणि भरतकामाचे कारखानदार अशा अनेकांना हा बाजार जवळ पडतो. नव्या मालाबरोबर कार्यालयांतून निघालेले, साफसूफ करून पुन्हा विकायला आलेले संगणकही येथे मिळतात. आणि तेथेच एक वाक्य हमखास कानावर पडते : "शेठ, हा आय७ आहे. नव्यात एवढ्या पैशांत आय३सुद्धा मिळणार नाही."

सात हा आकडा तीनपेक्षा मोठा, हे कोणालाही कळते. परंतु प्रोसेसरच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही. तो का पडत नाही, हे दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहू.

पहिला इंटेलचा कोअर आय७-२६००. तो जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला. चार कोअर, आठ थ्रेड. ठोक्यांचा वेग ३.४ गिगाहर्ट्झ, गरज पडल्यास ३.८ पर्यंत. दुसरा कोअर आय३-१२१००, जानेवारी २०२२ चा. त्यालाही चार कोअर, आठ थ्रेड. ठोके ३.३ गिगाहर्ट्झ, गरज पडल्यास ४.३ पर्यंत. नुसती पाटी वाचली तर दोघेही भाऊ-भाऊ वाटतात, उलट मूळ वेगात जुनाच किंचित पुढे दिसतो. प्रत्यक्षात पासमार्क या प्रसिद्ध चाचणीत एका कोअरच्या कामात नवा आय३ जवळजवळ दुप्पट गुण घेतो, आणि सर्व कोअर एकत्र राबवले तर सुमारे अडीच पट.

हे कसे घडते? लालबागच्या मिरची गल्लीत डंकावर मसाला कुटून घेणाऱ्यांना समजायला अवघड नाही. दोन डंक मिनिटाला सारखेच घाव घालतात. पण एकाच्या उखळात एका घावाला जास्त मिरची कुटली जाते. मग घाव मोजून काय कळणार? ३.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३४० कोटी ठोके, एवढेच. एका ठोक्यात किती काम उरकते हे त्या आकड्यात नसते. अकरा वर्षांत बदलले ते मुख्यतः हेच. शिवाय जुन्याला डीडीआर३ जातीची मेमरी लागते, नव्याला डीडीआर४ किंवा डीडीआर५, त्यामुळे कच्चा मालही त्याच्यापर्यंत लवकर पोहोचतो.

ठोक्यांच्या आकड्याने ग्राहक फसण्याची गोष्ट नवी नाही. नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलने पेंटियम ४ आणला, १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा. त्याच कंपनीचा १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ काही कामांत त्याच्या बरोबरीने चालत होता. मग ऑक्टोबर २००१ मध्ये एएमडीने ॲथलॉन एक्सपी काढला आणि ठोके सांगणेच टाळले, १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर १८००+ असे लिहिले. आय३, आय५, आय७ ही नावेही तशीच दुकानी नावे आहेत. एकाच पिढीत त्यांची तुलना करता येते, दहा-अकरा वर्षांच्या अंतराने नाही.

पिढी ओळखण्याची खूण सोपी आहे. डेस्कटॉपच्या आय मालिकेत नावानंतरचा आकडा चार अंकी असेल तर पहिला अंक पिढीचा : २६०० म्हणजे दुसरी पिढी. पाच अंकी असेल तर पहिले दोन : १२१०० म्हणजे बारावी. लॅपटॉपमध्ये मात्र गफलत होऊ शकते. आय७-११६५जी७ चार अंकी असूनही अकराव्या पिढीचा आहे. आकड्याच्या शेवटी एफ हे अक्षर असेल तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते, वेगळे ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावे लागते. स्वस्त म्हणून एफ घेऊन पुढे कार्डाचा खर्च गळ्यात पडतो.

आता कामाचा प्रश्न. फक्त बिले आणि टॅलीचा हिशेब असेल तर खरे सांगायचे तर आय७-२६०० पुरतो. त्यात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की यंत्र सुरू होण्यातला आणि फायली उघडण्यातला फरक डोळ्यांनी दिसतो. प्रोसेसर बदलण्याआधी हा खर्च करून पाहावा. पण एक अडचण आहे. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट साधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच इंटेल प्रोसेसर मान्य करते. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे विवरण भरायचे, ते सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना चालवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

पत्रिकेची सजावट, कोरलड्रॉमधील नक्षी, भरतकामाचे डिझाइन यांत बरेचसे काम एकाच कोअरवर चालते. येथे एक गंमत होते. फाईल उघडायला वेळ लागतो, कारागीर टास्क मॅनेजर उघडून पाहतो, तर वापर जेमतेम १२-१३ टक्के! त्याला वाटते यंत्र रिकामे बसले आहे, दोष सॉफ्टवेअरचा. वास्तविक आठ थ्रेडपैकी एकच पूर्ण भरलेला असतो, आणि शंभराचा आठवा भाग साडेबाराच होतो. अशा कामाला कोअर वाढवून उपयोग नाही, एक-एक कोअर जलद हवा. याउलट लग्नाचे व्हिडिओ तयार करणाऱ्याला जास्त कोअरचा फायदा खरोखर मिळतो. त्याने चारवर थांबू नये.

विजेबाबतही ऐकून घ्यावे. जुन्यावर ९५ वॅट, नव्यावर ६० वॅट असे छापलेले असते. तो मीटरचा आकडा नव्हे. नवा जोरात चालला तर ८९ वॅटपर्यंत जातो, आणि रिकामा असताना दोघेही फार थोडी वीज घेतात. फरक एवढाच की तेवढ्याच विजेत नव्याचे काम लवकर उरकते.

दुकानात जाताना आपलीच सर्वांत जड फाईल पेन ड्राइव्हवर न्यावी. तुमचे सॉफ्टवेअर असलेल्या दोन्ही यंत्रांवर ती उघडावी, पीडीएफ काढावी आणि मोबाइलच्या घड्याळावर वेळ मोजावी. तीनदा मोजून मधला आकडा धरावा. मेमरी दोन्हींत सारखी आहे ना, हे आधी पाहावे. सौदा ठरला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून परफॉर्मन्स भागात प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचावे, आणि नुसते "आय७" नव्हे तर तेच पूर्ण नाव आकड्यासह बिलावर लिहून घ्यावे.