शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहावयाचे असले, म्हणजे कोणी सारे पातेले उपसून पाहत नाही. पळीवर दोनचार शिते घ्यावयाची, बोटांनी चेपून पाहावयाची, की पातेल्यातील सर्व भाताची स्थिती कळते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण यावरूनच पडली. थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधण्याच्या या रीतीला संख्याशास्त्रात नमुना-पाहणी म्हणतात. स्वयंपाकघरात हा अंदाज चुकला, तर एका वेळचा भात कच्चा राहील. पण साऱ्या देशाच्या धान्याचा अंदाज चुकला, तर काय होईल?

१९४३ साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला व लाखो माणसे मृत्युमुखी पडली. कोणत्या प्रांतात धान्य किती पिकले, कोठे ते कमी पडणार, हे वेळेवर व बिनचूक समजणे किती अगत्याचे आहे, हे त्या काळात सर्वांना तीव्रतेने जाणवले. पण हे समजावे कसे? देशातील प्रत्येक शेतातील पीक वेगळे कापून तोलणे शक्य नव्हते. पूर्वापार चालत आलेली रीत आणेवारीची होती. गावकामगार उभ्या पिकावरून नजर फिरवी आणि पीक किती आणे आले ते सांगे. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आठ आणे म्हणजे त्याच्या निम्मे. शेतसाऱ्याची सूटही या आण्यांवर अवलंबून असे. परंतु नजर ती नजरच! एकाच शेताला एक जण दहा आणे म्हणे, तर दुसरा सात.

हे काम शास्त्राच्या पायावर उभे करण्यासाठी ज्यांनी परिश्रम केले, त्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे एक प्रमुख होत. त्यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले व १९३६ साली तेथे संख्याशास्त्रातील डॉक्टर झाले. १९४० पासून ते दिल्ली येथील कृषि-संशोधन परिषदेत काम करू लागले. बंगालमध्ये प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या पिकाची नमुना-पाहणी त्यापूर्वीच हाती घेतली होती. सुखात्मे यांनी गहू व भात या पिकांकडे लक्ष वळवले.

पातेल्यातील भात आणि शेतातील पीक यांत एक मोठा भेद आहे. पातेल्यात उष्णता सगळीकडे सारखी पोहोचते. म्हणून कोणतेही शीत घेतले तरी चालते. शेते मात्र सारखी नसतात. विहिरीजवळचे शेत डोलत असते, तर माळावरचे सुकलेले असते. पाहणी करणारा माणूस सडकेलगतचीच शेते पाहून परतला, तर त्याचा अंदाज फसणारच. यावर उपाय एकच : निवड माणसाच्या मर्जीवर ठेवावयाची नाही, ती चिठ्ठीवर सोपवावयाची. समजा, एका गावात गव्हाची ९० शेते आहेत व त्यांतील ३ निवडावयाची आहेत. शेतांना क्रमांक देऊन चिठ्ठ्या काढल्या, तर कोणतेही एक शेत निवडले जाण्याची संभाव्यता ३/९०, म्हणजे १/३० होते. विहिरीजवळच्या शेताची तेवढीच, माळावरच्या शेताचीही तेवढीच. आधी गावे, मग गावातील शेते, मग शेतातील कापणीचा तुकडा, अशी पायरीपायरीने ही निवड करतात.

चिठ्ठीवर विसंबून खरे उत्तर कसे मिळेल, अशी शंका कोणास येईल. तर एक लहानसे उदाहरण सोडवून पाहू. सारख्या आकाराची चार शेते आहेत. त्यांचे उत्पन्न ६, ८, १० व १६ क्विंटल आहे. बेरीज ४०, म्हणून सरासरी १० क्विंटल. आता हे उत्पन्न आपणास ठाऊक नाही असे समजून चिठ्ठीने दोनच शेते निवडू. दोन शेतांच्या जोड्या सहा होतात :

६ व ८ – सरासरी ७
६ व १० – सरासरी ८
६ व १६ – सरासरी ११
८ व १० – सरासरी ९
८ व १६ – सरासरी १२
१० व १६ – सरासरी १३

यांतील एकही सरासरी बरोबर १० नाही. तथापि सहांची बेरीज ६० आणि ६० भागिले ६ म्हणजे १०! म्हणजे चिठ्ठीने काढलेला अंदाज कधी कमी येईल, कधी जास्त येईल. परंतु तो नेहमी एकाच बाजूला झुकणार नाही. सडकेलगतचे १६ क्विंटलचे शेतच जो दरवर्षी निवडील, त्याचा अंदाज मात्र दरवर्षी ६ क्विंटलांनी फुगलेला राहील. आणखी पाहा. एकच शेत निवडले, तर अंदाज ८ ते १२ च्या दरम्यान येण्याची संभाव्यता २/४, म्हणजे १/२; दोन निवडली, तर ४/६, म्हणजे २/३. नमुना वाढला, तसा भरवसा वाढला.

चिठ्ठीने शेत निवडले, तरी चूक दुसऱ्या वाटेने शिरू शकते. कापणीसाठी आखलेला तुकडा लहान असेल, तर त्यातून काढलेला अंदाज खऱ्या उत्पन्नाहून जास्त येतो, असे सुखात्मे यांना प्रयोगांत आढळले. कारण मोठे मौजेचे आहे. आखलेल्या रेषेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला, की कापणाऱ्याचा हात भरल्या कणसाकडे आपोआप वळतो. १ मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर व परिमिती ४ मीटर; ५ मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, परिमिती २० मीटर. म्हणजे लहान चौरसात दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड, मोठ्यात केवळ ०.८ मीटर. जेथे कड अधिक, तेथे मोहही अधिक. म्हणून कापणीचा तुकडा पुरेसा मोठा घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता.

१९५१ ते १९७० या काळात सुखात्मे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, रोम येथे, संख्याशास्त्र विभागाची धुरा वाहिली. १९७१ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. पुढे पुण्यास येऊन त्यांनी आहाराच्या प्रश्नाचा अभ्यास चालू ठेवला. १९९७ साली ते निवर्तले.

चिठ्ठी आंधळी असते, असे आपण म्हणतो. तिला ओळखदेख नाही, लोभ नाही आणि भीतीही नाही. म्हणूनच माळावरच्या कोरड्या शेताचे म्हणणे ती सरकारच्या कानापर्यंत पोहोचवते. एखाद्या तालुक्यात अन्न कमी पडणार असेल, तर ते आधी कळण्याचा मार्ग अशा लहान लहान, प्रामाणिकपणे केलेल्या मोजणीतूनच जातो.

स्वाध्याय

१. वरील चार शेतांतून चिठ्ठीने तीन शेते निवडल्यास किती त्रिकुटे होतील? प्रत्येकाची सरासरी काढा. ती ८ ते १२ च्या दरम्यान येण्याची संभाव्यता किती?
२. १० मीटर बाजूच्या चौरसात दर चौरस मीटरमागे किती मीटर कड येईल?
३. शाळेतील मुले घरून शाळेत येण्यास सरासरी किती मिनिटे घेतात, हे तुम्हांस शोधावयाचे आहे. केवळ वेळेवर आलेल्या मुलांना विचारल्यास काय चूक होईल? निवड कशी कराल ते लिहा.
४. ‘जेथे कड अधिक, तेथे मोहही अधिक’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.