स्वादुपिंड : रक्तशर्करेचा दक्ष रोखपाल

दिवसाअखेर रोकड जुळल्याशिवाय रोखपालाला घरी जाता येत नाही. आपल्या शरीरातही असाच एक रोखपाल अहोरात्र कार्यरत असतो. जठराच्या मागे आडवे असलेले, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचे स्वादुपिंड हेच ते इंद्रिय होय.

निरोगी प्रौढाच्या संपूर्ण रक्तात उपाशीपोटी जेमतेम ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढीच साखर असते. ती फार घटली तर मेंदूचे कार्य मंदावते. दीर्घकाळ वाढलेली राहिली तर डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू आणि हृदय यांना हानी पोहोचते. ही शिल्लक सांभाळणे सोपे नाही.

जमा आणि खर्च

१८६९ मध्ये पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींचे लहान लहान पुंजके आढळले. त्यांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात, तर अल्फा पेशी ग्लुकागॉन. आमच्या जबलपूरची खव्याची जिलेबी खाल्ली की रक्तातील साखर वाढू लागते. इन्सुलिन त्वरित स्रवते आणि ही साखर स्नायू, यकृत व मेदपेशींत जमा करविते. रात्री उपवासाच्या काळात ग्लुकागॉनच्या आदेशाने यकृत आपल्या साठ्यातून साखर रक्तात सोडते.

ताळेबंद बिघडतो तेव्हा

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच बीटा पेशींचा नाश करते. अशा रुग्णांना बाहेरून इन्सुलिन देणे अपरिहार्य असते. टोरांटो येथे १९२२ मध्ये हा उपचार प्रथम यशस्वी झाला. बहुसंख्य रुग्ण मात्र दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यांच्या स्नायूंवर व यकृतावर इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. ही तूट स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवून अनेक वर्षे भरून काढते, त्यामुळे अहवालात सारे आलबेल दिसते. बीटा पेशी थकल्या की साखर वाढू लागते; तरीही पुष्कळदा काहीच त्रास जाणवत नाही.

सडपातळ म्हणून निश्चिंत?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! डॉ. याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचाही अभ्यास केला. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बालकांचे स्नायू तुलनेने अल्प होते, पण त्वचेखालील मेद बराचसा टिकून होता. तात्पर्य, वजनकाटा आपल्याला पूर्ण सत्य सांगत नाही.

आपण काय करावे?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. म्हणून तिशीनंतर उपाशीपोटीची रक्तशर्करा तपासून घ्यावी. १०० मिलिग्रॅमच्या आत ती सामान्य. १२६ किंवा अधिक आल्यास पुन्हा तपासणी करून निदान निश्चित करतात. मधल्या आकड्यांना सूचनापत्र समजून वेळीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कमरेचा घेर पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. चालताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही साखर वापरतात. तेव्हा खुर्चीवर दिवस घालविणाऱ्या आपणा सर्वांना जेवणानंतरची शतपावलीही लाभदायक ठरते.

खात्याचे विवरण आपण नियमित पाहतो. तीच दक्षता या खात्याबाबतही बाळगू या.