गीझर बाहेर, पाणी आत

पुण्यात मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतलास, छान केलंस. आता मामाचं एक ऐक. न्हाणीघराच्या भिंतीवर गॅस गीझर असेल तर घरमालकाशी बोलून आधी तो बाहेर काढून घे. ड्राय बाल्कनीत बसव आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत ने. चार पैसे जास्त जातील, जाऊ देत. बाल्कनीला काचा लावून ती बंदिस्त केलेली असेल, तर एक काच कायमची काढायला लाव. नाहीतर गीझर एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात गेला, एवढंच.

आमच्याकडे बंब परसात पेटायचा. धूर डोळ्यांना झोंबायचा, त्यामुळे माणूस आपसूक लांब उभा राही. गॅस तसा झोंबत नाही. हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसचा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, आणि गॅसबरोबर तोही जळून जातो. तेव्हा वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस.

हिशेब करून बघ. एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांचं, ८ फूट उंच न्हाणीघर म्हणजे जेमतेम साडेपाच घनमीटर. गीझर तासाला पाऊण-एक किलो गॅस सहज खातो. पहिल्या मुलीलाही धोका असतोच. त्याहून जास्त धोका तिच्या पाठोपाठ घाईघाईनं आत शिरणारीला. म्हणून गीझर बाहेर जाईपर्यंत एकच रीत ठेवा: दार उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, आतली हवा जाऊ द्यायची, मग अंघोळ. शॉवरचं कौतुक उन्हाळ्यात.

एक्झॉस्ट पंखा आहे म्हणशील. पण दार-खिडकी गच्च बंद असेल तर तो बाहेर फेकणार काय? बाहेरची हवा आत यायला दाराला खाली जाळी हवीच. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली की गीझर बंद ठेवून मेकॅनिकला बोलव.

थंडीत मनालीकडे गेलात तर खोलीत सिलिंडरवरचा हीटर मिळेल. तो जागेपणी, खिडकी थोडी उघडी ठेवून. झोपताना बंद करायचा आणि आणखी एक रजई मागायची. कोळशाच्या शेगडीचंही तेच. बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून शेगडी ठेवायची जुनी पद्धत मला कधीच पटली नाही.

डोकं जड झालं, मळमळलं, पायातलं बळ गेलं, की साबण अंगावर असला तरी तशीच बाहेर ये. पाय गळाल्यावर कडीपर्यंत हात पोचत नाही, म्हणून कडी लावूच नका. बाहेर एकीला सांगून जा. हाकेला ओ आली नाही तर दार ढकला, तिला ओढून मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना नुसती ‘चक्कर आली’ सांगू नका, ‘गॅस गीझर चालू होता’ हे आधी सांगा. आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून समाधान मानू नका. कार्बन मोनॉक्साइड रक्तात भिनलेला असतानाही तो ९८ दाखवू शकतो.